ठिणगीची कुंडली

आमच्या लालबागच्या शेजाऱ्यांचा मुलगा संगणकावर आगी लावतो आणि त्याबद्दल पगार घेतो. सिनेमासाठी, बरं का! प्रत्येक ठिणगीची जन्मवेळ, वेग, रंग आणि आयुष्य ठरवून द्यायचं. मग ती आपली आपण उडते, विझते. म्हणजे कुंडलीच! ही विद्या विल्यम रीव्हज यांची. १९८२ च्या एका ‘स्टार ट्रेक’ पटात त्यांनी असल्या कणांनी अख्ख्या ग्रहावर आगीची भिंत पसरवली.

दादासाहेब फाळक्यांकडे संगणक नव्हता, सरस्वतीबाई होत्या. दादरच्या घरी ‘राजा हरिश्चंद्र’ होत असताना दिवसभर साऱ्या कंपनीचा स्वयंपाक करून त्या रात्री कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत. एक भोक सरकलं की राजा पडद्यावर थरथरलाच!

दादासाहेब मूळचे जादूगार, ‘प्रोफेसर केळफा’. (आडनाव उलटं वाचा.) शंकर प्रगट करायचे तर कॅमेरा थांबवायचा, शंकराला उभं करायचं, पुन्हा हँडल फिरवायचं. तोवर बाकीच्यांचा हात जिथं असेल तिथंच! ३ मे १९१३ ला चित्रपट गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला.

१९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात राम एकटे अण्णा साळुंके, आणि सीताही तेच.