जुन्या वृत्तपत्रांतील ‘लोक’

आपल्या घरगुती बोलण्यात ‘लोक’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, याची गणना कोणी केली नसेल. ‘लोक काय म्हणतील’ या एका धास्तीने कित्येक विवाह जुळले व कित्येक मोडले. ‘लोकांची मुले’ म्हणजे परक्यांची मुले, ‘लोकांचा पैसा’ म्हणजे जो आपला नव्हे तो. आणि ‘आपले लोक’ म्हणजे बहुधा ज्ञातिबांधव! एकाच शब्दाने परका व आपला असे दोघेही दाखविले जावेत, ही मोठी मौज होय. या शब्दास नवे वळण लावण्याचे काम पुष्कळ अंशी वृत्तपत्रांनी केले. सबब ज्ञातीच्या या स्मरणिकेत त्याची हकीकत अप्रस्तुत ठरणार नाही, असे वाटते.

पेशवेकालीन कागदपत्रांत ‘लोक’ म्हणजे पुष्कळदा पदरी बाळगलेले शिपाई. किल्ल्यावर लोक ठेवले, लोकांचा रोजमुरा थकला, अशी ती भाषा. हे लोक मोजावयाचे व पोसावयाचे. त्यांचे मत विचारण्याचा प्रसंग नव्हता.

ता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. राज्यकर्ते इंग्रज आणि आपण सारे मिळून दुसरे कोणी, या नव्या स्थितीला नाव हवे होते. ‘एतद्देशीय लोक’, ‘स्वदेशीय लोक’ ही पदे त्या काळच्या लेखनात रूढ झाली ती यामुळेच. तरी जुनी सवय सुटली नव्हती. ब्राह्मण लोक, परभू लोक, पारशी लोक अशी प्रत्येक ज्ञातीमागे ‘लोक’ ही शेपटी लागलेलीच असे. म्हणजे देश एक म्हणावा आणि लोक मात्र अनेक.

पुढे १८४१ साली भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ काढले व १८४८ पासून त्यात गोपाळ हरि देशमुख यांची पत्रे येऊ लागली. टोपण नाव घेतले तेच मुळी ‘लोकहितवादी’. त्यावेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते. शंभरावर पत्रांत त्यांनी लोकांची आळसाबद्दल, अज्ञानाबद्दल, पोकळ अभिमानाबद्दल अशी कानउघाडणी केली की, आजही वाचताना चपापल्यावाचून राहवत नाही. विशेष हे की, त्यातील तिखटात तिखट मजकूर स्वज्ञातीवर, म्हणजे ब्राह्मणांवर होता. ज्ञातीच्या व्यासपीठावरून असे बोलण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांना होईल? पण त्यांचे लोक कोण, हेही पाहिले पाहिजे. ‘प्रभाकर’ वाचू शकणारा वर्ग लहान. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य व बहुतेक स्त्रिया यांच्याविषयी लिहिले जाई. त्यांना उद्देशून क्वचित.

ही उणीव ज्यांना डाचली त्यांनी ‘लोक’ या मोघम शब्दावर भिस्त ठेवली नाही. ता. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात काढलेल्या पत्राचे नाव ‘दीनबंधु’. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले, आणि गिरण्यांत राबणाऱ्या माणसाची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली. १८९० साली गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती लोखंडे यांच्या चळवळीमुळे. मोजले जाणारे लोक आता मागू लागले होते.

ता. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘मूकनायक’ निघाले. बहुतेक पत्रे विशिष्ट जातीचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, असे त्यांनी पहिल्याच अंकात स्पष्ट म्हटले, आणि आगबोटीचा दाखला दिला. दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणारा उतारू स्वतःही बुडणारच. ज्ञातिसंस्थांच्या कार्यकर्त्यांना हा लेख वाचताना अवघडल्यासारखे होते. मला तरी झाले.

कारण एका ज्ञातिवसतिगृहाच्या सभेस मी तरुणपणी हजर होतो. चार खोल्या रिकाम्या होत्या व परज्ञातीच्या तीन गरीब मुलांचे अर्ज आले होते. एक वृद्ध सभासद उठून म्हणाले, “अहो, लोकांची मुले ठेवायला वर्गणी आपल्या लोकांनी दिली काय?” टाळ्या पडल्या. अर्ज फेटाळले गेले. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ‘लोकांची’ हा शब्द तसाच लिहावा की ‘इतर समाजाची’ असे सभ्य करून घ्यावे, याचा विचार करीत मी बराच वेळ बसलो होतो. अखेर जसा बोलला गेला तसाच लिहिला. त्या वर्षी चारही खोल्या रिकाम्याच राहिल्या.