रोझालिंडच्या वह्या

स्मरणिकेच्या बैठकीत आपल्यातून गेलेल्या वर्गमित्रांच्या पानाचा विषय निघाला, तेव्हा तिच्या फोटोखाली काय लिहायचं यावर गाडी अडली. "हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांची लाडकी," असं कुणीतरी सुचवलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण दहावी 'ब'मध्ये माझ्याशेजारी बसणारी, पुढे पुण्यात एकाच कंपनीत अकरा वर्षं माझ्याबरोबर काम करणारी आणि कॅन्सरने गेलेली माझी मैत्रीण मला त्या शब्दांत सापडेना. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. लिहायला बसले आणि तिच्याआधी आठवली ती विज्ञानाच्या इतिहासातली एक मैत्री. ती आधी सांगते.

अकरावी-बारावीत डीएनएच्या धड्याबरोबर आपण वॉटसन आणि क्रिक ही नावं पाठ केली. रोझालिंड फ्रँकलिन हे नाव माझ्यापर्यंत फार उशिरा पोहोचलं. तिचा जन्म १९२०चा, लंडनचा. केंब्रिजमध्ये शिक्षण, मग कोळशाच्या सूक्ष्म रचनेवर संशोधन, पॅरिसमध्ये क्ष-किरणांनी स्फटिकांचा अभ्यास, आणि १९५१मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएवर काम. मे १९५२मध्ये तिने आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने डीएनएचं जे क्ष-किरण छायाचित्र मिळवलं, ते '५१ क्रमांकाचा फोटो' म्हणून प्रसिद्ध आहे. जानेवारी १९५३मध्ये तिच्या सहकाऱ्याने, मॉरिस विल्किन्सने, तो तिच्या नकळत वॉटसनला दाखवला. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

किंग्जमध्ये ती रमली नव्हतीच. मार्च १९५३मध्ये ती लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्या प्रयोगशाळेत गेली. प्रयोगशाळा म्हणजे जुनी राहती घरं. तिची खोली अगदी वरच्या मजल्यावर आणि क्ष-किरणांची यंत्रं तळघरात. तिथे तिला ॲरन क्लुग भेटला. लिथुआनियात जन्मलेला, दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तिने काढलेली तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूची छायाचित्रं त्याने पाहिली आणि तोही विषाणूंकडे वळला. विषाणूची प्रथिनं नळीसारखी गोल गोल रचलेली असतात आणि त्याचं आरएनए मधल्या पोकळीत नसून प्रथिनांच्या भिंतीतच रुतलेलं असतं, हे या कामातून स्पष्ट झालं.

१९५६च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना पोट फुगल्याचं तिच्या लक्षात आलं. सप्टेंबरमध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. अंडाशयाचा कॅन्सर होता. पुढची दीड-पावणेदोन वर्षं दवाखाना आणि प्रयोगशाळा यांत गेली. बरं वाटलं की ती कामावर हजर व्हायची. १९५७मध्येही तिच्या गटाचे सहा शोधनिबंध प्रसिद्ध झाले. याच काळात तिने पोलिओच्या विषाणूवर काम सुरू केलं आणि गटाचं काम थांबू नये म्हणून अमेरिकेतून तीन वर्षांचं अनुदानही मिळवलं. ती तीन वर्षं तिच्या वाट्याला येणार नव्हती.

१६ एप्रिल १९५८ रोजी ती गेली. वय ३७. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. तिथे तिच्या देखरेखीखाली बनवलेली विषाणूची भलीमोठी प्रतिकृती मांडलेली होती. टेबल टेनिसचे चेंडू आणि सायकलच्या हँडलच्या प्लॅस्टिकच्या मुठी वापरून केलेली! तिच्या थडग्यावरच्या लेखात विषाणूंवरच्या कामाचा उल्लेख आहे, डीएनएचा नाही.

मृत्युपत्रात तिने क्लुगला ३,००० पौंड आणि आपली ऑस्टिन गाडी दिली होती. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याने पुढे केलेलं काम. १९५९मध्ये त्याने आणि जॉन फिंचने पोलिओ विषाणूच्या रचनेवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि तो तिच्या स्मृतीस अर्पण केला.

मग १९६८मध्ये वॉटसनचं 'द डबल हेलिक्स' आलं. त्यातली 'रोझी' म्हणजे चिडकी, हेकट, स्वतःच्याच छायाचित्रांचा अर्थ न कळलेली बाई. उत्तर द्यायला ती हयात नव्हती. तिची मैत्रीण ॲन सेयर हिने १९७५मध्ये तिचं चरित्र लिहून त्या चित्राला उत्तर दिलं. (जाता जाता, आमच्या धंद्यातल्यांसाठी: ॲनचे पती डेव्हिड सेयर हे स्फटिकशास्त्रज्ञ आणि आयबीएममध्ये फोरट्रान घडवणाऱ्या मूळ गटातले.) त्याआधी १९६८मध्येच क्लुगने तिच्या प्रयोगांच्या वह्या तारीखवार वाचून 'नेचर'मध्ये लेख लिहिला होता. फेब्रुवारी १९५३मध्ये ती कुठवर पोहोचली होती, दोन साखळ्यांचा निष्कर्ष तिने कधी काढला, हे त्याने दाखवलं. पुढे १९७४मध्ये त्याने तिच्या एका लेखाचा कच्चा मसुदा समोर आणला. त्यावर तारीख होती १७ मार्च १९५३. म्हणजे वॉटसन-क्रिकचा मसुदा किंग्जमध्ये पोहोचण्याच्या आदल्या दिवशीची.

मला सगळ्यात भावलं ते हे की क्लुगने तिला देवी केलं नाही. बेसच्या जोड्या कशा जुळतात हे कोडं तिला तोवर सुटलं नव्हतं, हेही त्याने लिहिलं. मैत्रिणीची बाजू घ्यायला तिच्या स्वतःच्या अक्षरातल्या नोंदी पुरेशा आहेत, असा त्याचा विश्वास होता. १९८२मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या व्याख्यानात त्याने सांगितलं की विषाणूंच्या वाटेवर आपल्याला तिने आणलं, आणि आयुष्य मिळालं असतं तर ती या जागी आपल्याआधी उभी राहिली असती. तिला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

आता आपल्या मैत्रिणीबद्दल. ती गेल्यावर तिचा प्रोजेक्ट माझ्याकडे आला. पहिला महिनाभर मी फक्त तिचा कोड वाचत होते. प्रत्येक बदलापुढे तिचं नाव, तारीख, वेळ. काही नोंदी केमोच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. एका ठिकाणी तिने लिहून ठेवलं होतं: "हे बरोबर नाही, पण सोमवारपर्यंत चालेल." त्यानंतरच्या सोमवारी तिने ते खरंच दुरुस्त केलेलं होतं. दुसरीकडे माझीच एक चूक सापडली म्हणून तिने जे काही लिहिलंय, ते इथे छापण्यासारखं नाही. हसतमुख ती होतीच, पण कामात ढिसाळपणा दिसला की भडकायची. आठवीत भूमितीची रचना पुसट काढली म्हणून माझी वही तिने मला परत करायला लावली होती, ती सवय शेवटपर्यंत टिकली.

म्हणून संपादक मंडळाला माझी विनंती आहे की तिच्या फोटोखालची विशेषणं काढावीत. त्याऐवजी तुमच्यापैकी ज्याला तिची एखादी नेमकी गोष्ट आठवत असेल, त्याने ती इयत्तेसह आणि जमल्यास सालासह लिहून पाठवावी. तिच्याशी झालेलं भांडण असेल तर तेही पाठवा. बाईंकडे तिचे जुने निबंध असतील तर फारच छान. मी तिच्या त्या सोमवारच्या नोंदीचा कागद छापून आणणार आहे.