गाडी वारं पिऊ राहिली

"अण्णा, गाडी वारं पिऊ राहिली."

आमच्या घरात हे वाक्य कितीतरी वर्षं विनोद म्हणून वापरलं गेलं. मिक्सर अडकला, वारं पिऊ राहिला. टीव्हीला मुंग्या आल्या, वारं पिऊ राहिला. भावंडांना आठवत असेलच. ज्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं, ते आमच्या जीपचे ड्रायव्हर. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. आज त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, पण वाट जरा लांबची आहे. थोडं इंजिनही येईल, कंटाळू नका.

आमची जीप म्हणजे विलीजच्या वळणाची, उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी. स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या घराण्यातली. आत चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, साधारण २.२ लिटर आणि सत्तरेक हॉर्सपॉवरचं. याचे पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावावं म्हणून १९५३च्या सीजे-३बी जीपला उंच बॉनेट आलं. १९७३ साली जगभर तेल महागलं, त्यानंतर पुष्कळांनी अशा जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली. अण्णांनी नाही बसवलं. त्यांनी गावाकडच्या एका बॉडीवाल्याकडून मागे हौदा करून घेतला, पेट्रोलची टाकी सीटखालून काढून हौद्याखाली नेली, आणि जीपचं पिकअप झालं. द्राक्षाच्या पाट्या न्यायला.

निफाडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना नाशिक जिल्हा म्हणजे नुसती द्राक्षं आणि कांदे वाटतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो उगाच नाही. पाच-सहा अंशांच्या खाली गेला की बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून माणसं रात्र जागवतात. अशा पहाटे पाट्या भरून पिकअप चालू करायचं म्हणजे परीक्षाच.

इंजिनाला पेट्रोल पातळ स्वरूपात चालत नाही, त्याची वाफ लागते. कार्ल बेंझच्या १८८६च्या गाडीत हवा नुसती पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जायची आणि जाताना वाफ घेऊन जायची. १८८८ साली त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. म्हणजे मोटारीचा पहिला लांब प्रवासही इंधनाच्या नळीपाशी अडला होता! पुढे १८९३ साली मायबाखने फवारा मारणारा कार्बोरेटर आणला. अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही असाच कार्बोरेटर केला. पुढची शंभर वर्षं जगाने याच कल्पनेवर गाड्या चालवल्या.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण हे झालं गरम इंजिनाचं. थंडीत पेट्रोलची वाफच होत नाही, बरंचसं नळीच्या भिंतींना चिकटून बसतं. म्हणून तेव्हा पेट्रोल कितीतरी जास्त द्यावं लागतं. त्यासाठी चोक. बटण ओढलं की कार्बोरेटरच्या तोंडावरची पट्टी मिटते, हवा कमी, पेट्रोल जास्त. त्यात थंडीने ऑइल घट्ट, बॅटरी मलूल. अशा वेळी पेट्रोल जरा जरी कमी पडलं तरी इंजिन लगेच कळवतं.

१९८८च्या डिसेंबरात आमच्या पिकअपने कळवायला सुरुवात केली. चोक ओढून चालू व्हायची, दहा-वीस सेकंद धडधडायची आणि बंद पडायची. मग हँडल मारून मारून मामांचे हात भरून यायचे. एकदा गरम झाली की सपाटीला बरी, पण मालेगावहून रिकाम्या पाट्या घेऊन परतताना राहूड घाटात अगदी बैलगाडी. पिकअप म्हणायचं, आणि पिकअपच नाही.

मामांनी प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून फुंकला. फरक नाही. मग ते म्हणाले, "अण्णा, गाडी वारं पिऊ राहिली. खालचा पाइप नवा टाकू."

अण्णांनी ऐकलं नाही. कारण त्यांच्या मनात दुसरंच होतं. रॉकेल.

इथे अण्णांची बाजू सांगायला हवी. रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, त्यामुळे भेसळीचा धंदा आपल्या भागात जुना. पुढे २०११ सालच्या २५ जानेवारीला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं, इतका तो मुरलेला धंदा. ड्रायव्हरने टाकीतून पाच लिटर पेट्रोल काढून विकायचं आणि तेवढं रॉकेल ओतायचं, हे प्रकार होतच होते. आणि रॉकेल मिसळलं की काय होतं? त्याची वाफ पेट्रोलपेक्षा अवघड, म्हणून गाडी थंडीत चालू होत नाही. चढावर इंजिन ठोका देतं आणि ओढत नाही. म्हणजे आमच्या गाडीला होत होतं तेच सगळं. संशय मूर्खपणाचा नव्हता. तो फक्त तपासला गेला नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी ओट्यावर चारचौघांसमोर अण्णांनी विचारलं, "टाकीत काय घालतो रे तू?" मामांनी उत्तर दिलं नाही. किल्ली कठड्यावर ठेवली आणि निघून गेले. मी बारा वर्षांचा होतो. किल्लीचा आवाज मला अजून आठवतो.

त्याच महिन्यात अण्णांनी डिझेलचा टेंपो घेतला. पिकअप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली आणि तिथेच राहिली. त्यामुळे मामा गेल्यावर गाडी सुधारते का, हे बघायची वेळच आली नाही. आम्हाला खात्री होती तेवढी पुरली.

दोन वर्षांपूर्वी मी ती शेडमधून काढली. हौस, दुसरं काय. टाकी गंजली होती, ती धुऊन घेतली. पंपाचा पडदा, रबरी नळ्या, प्लग, पॉइंट, कार्बोरेटरचं किट, सगळं नवं घातलं. गाडी चालू झाली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र चोक ओढला, ती धडधडली आणि वीस सेकंदांत बंद. मी तिथेच बसलो. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने एक युक्ती केली. पेट्रोलची बाटली सलाइनसारखी उंच टांगून तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. (हे घरी करू नका, गरम इंजिनाजवळ जीवाशी खेळ आहे.) गाडी झटक्यात चालू, आणि बंदही पडेना. म्हणजे ठिणगी, चोक, कार्बोरेटर ठीक. मग बाटली काढून पंपाची नळी जवळच्या कॅनमध्ये बुडवली. तरीही ठीक. म्हणजे पंपही ठीक. उरला फक्त टाकीपासून पंपापर्यंतचा लोखंडी पाइप. तोच एक मी जुना ठेवला होता.

चासीखालचा वाळलेला चिखल खरवडला तेव्हा दिसलं. बॉडीवाल्याने हौद्यासाठी मारलेल्या पट्टीच्या कडेला पाइप घासून चपटा झाला होता, आणि खाचेच्या तळाशी सुईएवढं भोक. पंप ओढायचा तेव्हा त्या भोकातून हवा यायची. बाहेर थेंब गळत नव्हता, कारण पाइप टाकीच्या वरून निघतो आणि भोक पेट्रोलच्या पातळीच्या वर. रात्री गाडी थांबली की पाइपमधलं पेट्रोल मागे टाकीत उतरायचं. सकाळी कार्बोरेटरच्या वाटीत होतं तेवढ्यावर वीस सेकंद चालायचं, पुढे नुसती हवा. चढावर जास्त पेट्रोल लागतं, तिथेही अर्धी हवाच.

शेडमध्ये चौतीस वर्षांत पाइप गंजू शकतो. घासू शकत नाही. घासायला गाडी चालावी लागते. ती खाच मामांच्या वेळचीच होती.

गाडी खरंच वारं पीत होती.

अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. पाइपचा तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. बोलले काही नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "त्याच्या घरी कोण असतं आता?"

आम्ही गेलो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा होता, तोही गाडीच चालवतो, स्वतःची. अण्णांनी उभ्यानेच सांगितलं, "माझी चूक झाली होती. पाइपच होता." मुलाने विचारलं, "पट्टीपाशी का?" मी हो म्हटलं. "बाबा सांगायचे," एवढंच तो म्हणाला, आणि चहा टाकायला आत आवाज दिला.

२०२० साली बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींमधूनही कार्बोरेटर गेला. आता सेन्सर पेट्रोल मोजतो आणि बिघाडाचा क्रमांकही सांगतो. चोक ओढणारी पिढी संपत आली, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण तेव्हा आमच्या गाडीलाही सेन्सर होता. तो बिघाड आमच्याच बोलीत सांगत होता, आणि आम्ही हसत होतो.

भावंडांनो, तो विनोद आता बंद करूया.