एलईडीचं खरं तापमान कसं मोजतात?
एलईडी बल्बला हात लावून आतलं तापमान कळत नाही. खरी तापते ती आतली इवलीशी चिप. तिच्या तापमानाला 'जंक्शन टेम्परेचर' म्हणतात. तिथे सेन्सर पोहोचत नाही, म्हणून मी सोल्डर पॉइंटला थर्मोकपल चिकटवतो. समजा, तिथे ७० अंश सेल्सिअस आले, डेटाशीटमधला थर्मल रेझिस्टन्स १० अंश प्रति वॅट आणि उष्णता ०.७ वॅट, तर जंक्शन ७७ अंशांवर आहे. उष्णता म्हणजे दिलेल्या विजेतून प्रकाश वजा केला की उरते ती; पूर्ण वॅट धरू नका. इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर बरंच कमी दाखवते, मी फसलोय. तिथे काळी टेप लावा. प्रयोग १२ व्होल्टच्या पट्टीवरच करा. मेन्सवरचा बल्ब उघडून चालू केलात, तर जबर शॉक बसू शकतो.