साचेखात्याच्या जागेवर टॉवर



लोअर परळला उतरा आणि मान वर करा. जिथं गिरण्यांचे भोंगे वाजायचे तिथं काचेचे टॉवर आहेत. श्रीनिवास मिलच्या जमिनीवर सत्तराहून जास्त मजल्यांचा वर्ल्ड वन उभा आहे. पोहायला तलाव, गाड्यांना मजलेच्या मजले. घरं विकणारे म्हणतात, या वस्तीला इतिहास आहे, नाना लोकांची संस्कृती आहे. आहेच की! पण सांगायचा तर सगळा सांगा.

गिरणगावात कोकणी, घाटी, तेलुगू पद्मशाली, उत्तरेकडचे भय्ये, मोमीन विणकर सगळे होते. भोंगा सगळ्यांना एकच. पण फाटकातून आत शिरताना जात बाहेर राहात नव्हती. जास्त मजुरीचं साचेखातं आपल्या बापजाद्यांना बंद होतं. कारण काय? कांडी बदलली की सुताचं टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागे. तिथं अस्पृश्याची थुंकी चालत नव्हती! मालकाला कापडाशी मतलब, पण शेजारच्या साच्यावरच्या सवर्ण कामगाराला विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. परळच्या चाळीत कित्येक वर्षं काढलेला माणूस होता तो. त्याला वर्गाच्या एकीतली ही भेग पुस्तकातून कळली नव्हती.

राहायचं कुठं? १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या. १६० फुटांची खोली, संडास सामाईक. त्या खोल्यांत आपली माणसं राहिली, भांडली, सभा घेतल्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली ती याच चाळींत. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाला.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, कित्येक परत आत गेलेच नाहीत. गिरण्या मेल्या, जमीन मात्र जिवंत राहिली. १९९१ च्या नियमाने ढोबळमानाने तिचे तीन वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. ज्यावर शेड उभी ती वाटणीबाहेर. गिरणीत रिकामी जमीन असते किती? लोकांचा वाटा आटला. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही हा बदल कायम ठेवला. टॉवर उभे राहिले ते या एका दुरुस्तीवर.

म्हणून जुन्या गिरणगावासाठी नुसतं रडू नका. तिथंही आपल्याला दार बंदच होतं. तेव्हा रूढीने, आता पैशाने.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या चाळकऱ्यांना पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. ५०० फुटांचं घर. ही मेहेरबानी नाही, शंभर वर्षांच्या राहण्याचा हक्क आहे. पण उंच इमारतीची लिफ्ट, पंप, देखभाल यांचा खर्च उद्या पेन्शनवरच्या म्हातारीला झेपला नाही, तर घर विकून ती कर्जत-कसाऱ्याला जाईल. बिनभांडणाची हकालपट्टी!

तेव्हा सोसायटीच्या सभेला जा, हिशेब मागा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: तुम्ही कुठल्या खात्यात होता, साचेखात्यात का नव्हता? वहीत लिहून घ्या. नाहीतर आपला इतिहास टॉवरवाल्यांच्या जाहिरातीत जाईल, आपल्यालाच वगळून.