युरोपीय संघ आणि नाशिकचे द्राक्षबागायतदार

युरोपीय संघाविषयी नाशिक जिल्ह्यात असलेली जाण आणि मते मुख्यतः द्राक्षनिर्यातीतून घडली आहेत. निफाड-दिंडोरीच्या निर्यातक्षम बागायतदाराला युरोपीय संसदेची रचना ठाऊक असेलच असे नाही. मात्र कोणत्या औषधाची ‘एमआरएल’ (कमाल अवशेष मर्यादा) किती आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचे, हे त्याला पक्के माहीत असते. ही जाण अरुंद आहे, पण उथळ नाही.

२००३ मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अवशेष आढळले. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या कृषिनिर्यात प्राधिकरणाने ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची व्यवस्था उभारली. कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी, बागेतून घडांचे नमुने, प्रयोगशाळेचा अहवाल आणि मगच काढणी असा तिचा क्रम आहे. २००८ पासून संघभर एकसमान मर्यादा लागू झाल्या. ज्या रसायनाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर किलो द्राक्षांत फक्त एक मिलिग्रॅम, एवढीच मुभा मिळते.

मतांना खरे वळण मिळाले ते २०१० च्या हंगामात. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे (‘सीसीसी’) अवशेष युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. संघाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम होती, पण भारतातील तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हते. बागायतदाराने अहवालावर विसंबून माल दिला होता. त्याचा संताप रास्तच म्हटला पाहिजे. पुढे सीसीसी यादीत आले.

आजही एक गल्लत दिसते. युरोपातील काही सुपरमार्केट कायद्याहून कडक अटी घालतात, ‘ग्लोबलगॅप’ हे प्रमाणपत्रही खासगी आहे. पण बांधावर या सगळ्याचे खापर ‘युरोप’वरच फुटते. ब्रिटन २०२० मध्ये संघाबाहेर पडल्यावर त्याच्या मर्यादा वेगळ्या पाहाव्या लागतात, हे मात्र निर्यातदारांनी लवकर अंगवळणी पाडून घेतले.

दुसरी तक्रार आयातशुल्काची. चिली आणि पेरूच्या द्राक्षांना व्यापारकरारांमुळे सवलत मिळत असताना भारतीय द्राक्षे शुल्क भरून त्याच बाजारात उतरत आली. त्यामुळे २००७ मध्ये सुरू झालेल्या, २०१३ मध्ये थांबलेल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या भारत-युरोपीय संघ व्यापारवाटाघाटींत पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसला थेट स्वारस्य राहिले.