हिशेब लिहिणारा एक, तपासणारा दुसरा

मंडळी, पोस्ट लांब आहे. घरात कुणी बी.कॉम. करत असेल, किंवा गावातल्या पतसंस्थेत चार पैसे ठेवले असतील, तर सवडीने शेवटपर्यंत वाचा.

परदेशातल्या विद्यापीठांत कॉमर्सच्या पोरांना एक विषय असतो, 'अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्स'. मराठीत सांगायचं तर हिशेबाची माहिती-यंत्रणा. नाव ऐकून वाटतं, असेल आपल्या टॅलीच्या क्लाससारखं काहीतरी. पण टॅलीच्या क्लासात व्हाउचर कसं टाकायचं ते शिकवतात. या विषयात त्याच्या आधीचे प्रश्न येतात. ती नोंद टाकायचा हक्क कुणाला? पैसा कुणाच्या हातात? तपासणार कोण? आणि नोंद नंतर बदलली, तर बदलणाऱ्याची खूण मागे राहते का?

मी सीए नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला तालुक्याचा बातमीदार. पण पतसंस्थांच्या सभांना वीसेक वर्षं बसतोय, बुडालेल्या ठेवीदारांची गाऱ्हाणी लिहितोय. म्हणून हा विषय मला पुस्तकी वाटत नाही. तो इतिहासातून सांगतो.

सुरुवात घरातूनच करू. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, पोतदार, चिटणीस, दफ्तरदार. आज ही आडनावं आहेत, पेशवाईत हे हुद्दे होते. मुलखाचा कारभार मामलेदार बघायचा आणि त्याच्यासोबत हे दरखदार असायचे. पोतनीस रोकडीची नोंद ठेवायचा, पोतदार नाणं पारखायचा, हिशेब मुजुमदाराच्या नजरेखालून जायचा. खरी गोम पुढेच आहे. मामलेदार या सगळ्यांचा वरचा, तरी त्यांना काढून टाकायची मुभा त्याला नव्हती. म्हणजे साहेबाच्या हिशेबावर बोट ठेवलं म्हणून नोकरी जाईल, ही भीती नाही. त्या काळात लबाडी होत नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण पैसा एकाकडे, लेखणी दुसऱ्याकडे आणि तपासणी तिसऱ्याकडे, हे शहाणपण आपल्या मातीत होतं. दोन वह्या समोरासमोर ठेवून ताडून बघायला आपल्याकडे शब्दच आहे, रुजुवात.

पुढे इंग्रजी अमदानीत हा विषय कॉलेजात आला. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्याचं बीएमसीसी १९४३ चं. आज तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात कॉमर्सचा वर्ग आहे, त्याची मुळं इथली.

आता जरा लंडनला जाऊ. या विषयाचं यंत्रयुग तिथे एका चहावाल्याने सुरू केलं. मस्करी नाही. जे. लायन्स नावाची कंपनी होती, चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी. रोज हजारो पाव, केक, पाय बनायचे, दुकानोदुकानी जायचे. एकेका बिलात फायदा पैशापैशाचा, आणि बिलं मात्र डोंगराएवढी. कारकुनांची फौज नुसती बेरजाच करत बसायची. कंपनीत जॉन सिमन्स नावाचे केंब्रिजला गणित शिकलेले अधिकारी होते. कागद कुठून निघतो, कुणाच्या टेबलावर थांबतो, किती वेळा उतरवला जातो, याचा अभ्यास करणारं खातंच त्यांनी उघडलं होतं. तेही कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी.

१९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेला जाऊन ही नवी गणकयंत्रं बघून आले. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांचं यंत्र तयार होत होतं. कंपनीने त्याला ३,००० पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर स्वतःचं यंत्र बांधलं. नाव ठेवलं लिओ. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचं काम सुरू झालं. धंद्याचं नेहमीचं काम कॉम्प्युटरवर होण्याची ही जगातली पहिली वेळ मानतात. तोफेचा गोळा कुठे पडेल याचं गणित करण्यासाठी जन्मलेली ही जात, पाव-केकच्या जमाखर्चाला लागली.

पुढे चहाच्या दुकानांच्या ऑर्डरीही लिओवर आल्या. पद्धत बघा. प्रत्येक दुकानाची एक ठरलेली ऑर्डर यंत्रात असायची. मग दुकान सांभाळणाऱ्या बाईंना फोन जायचा, आणि आज त्यात काय कमी-जास्त हवंय तेवढंच त्यांनी सांगायचं. माझ्या मते यातलं मोठेपण यंत्राच्या वेगात नाही. जिचा माल, तिला विचारून नोंद होत होती.

विद्यापीठांत हा विषय कसा पिकला, त्याची एकच खूण सांगतो. १९८२ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम मॅकार्थी यांनी एक लेख लिहिला. त्याचा गाभा आपल्या भाषेत सांगतो. कृषी सेवा केंद्राने खताच्या दहा गोण्या उधार दिल्या. वहीत काय येतं? अमुक रुपये नावे, अमुक रुपये जमा. गोणी कुठली, दिली कुणी, नेली कुणी, पैसे कधी आले, हे वेगवेगळ्या कागदांवर विखुरतं. मॅकार्थींचं म्हणणं, आधी घडलं ते लिहा. वस्तू कोणती, घटना कोणती, माणूस कोण. जमा-नावे त्यातून यंत्र काढून देईल. म्हणजे आकड्याच्या मागे घटना उभी पाहिजे आणि घटनेच्या मागे माणूस. अशी नोंद असली की वाद झाल्यावर उलट पावली मुळापर्यंत जाता येतं.

आणि जिथे तसं जाता येत नाही, तिथे काय होतं? त्याचं उदाहरण दुर्दैवाने त्याच लिओच्या वंशात घडलं.

लिओची १९५४ मध्ये वेगळी कंपनी झाली. १९६३ मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकच्या कॉम्प्युटर धंद्यात मिसळली. १९६८ च्या विलीनीकरणातून आयसीएल उभी राहिली आणि १९९० मध्ये आयसीएलचा मोठा हिस्सा जपानच्या फुजित्सूने घेतला. याच आयसीएलच्या शाखेने ब्रिटनच्या पोस्टासाठी हिशेबाची यंत्रणा बनवली, होरायझन. १९९९ पासून ती गावोगावच्या पोस्टात बसू लागली.

तिथली छोटी पोस्टं बरेचदा किराणा दुकानातच असतात. चालवणारा सबपोस्टमास्तर हा सरकारी नोकर नसतो, करारावर काम करणारा साधा दुकानदार असतो. होरायझन आल्यावर यातल्या अनेकांच्या स्क्रीनवर तूट दिसायला लागली. गल्ला मोजला तर स्क्रीनवरच्या आकड्याएवढी रक्कम भरेना. पोस्ट म्हणायचं, करारात लिहिलंय, तूट तुम्ही भरायची. लोकांनी साठवलेला पैसा घातला, नातेवाइकांकडून उसना आणला, घरं गहाण टाकली. 'हा आकडा मला मान्य नाही' असं सांगायची सोय त्या यंत्रातच नव्हती. आता भरा किंवा नंतर भरा, एवढाच पर्याय.

ज्यांना जमलं नाही ते कोर्टात उभे राहिले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त सबपोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंवर सुमारे ७४,००० पौंडांच्या चोरीचा आळ आला. २०१० मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या. मोठ्या मुलाचा त्या दिवशी दहावा वाढदिवस होता.

घोटाळा यंत्रात होता. सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे खोटी तूट दिसायची. त्याहून भयंकर म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दूर बसून पोस्टाच्या हिशेबात बदल करता येत होते, आणि खुर्चीवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नव्हता. असं करताच येत नाही, असं पोस्ट वर्षानुवर्षं सांगत राहिलं. कायद्यानेही हात आखडला. यंत्र नीट चालत होतं हे फिर्यादीने दाखवण्याची अट ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने काढून टाकली होती. त्यामुळे यंत्र बरोबरच आहे असं कोर्ट धरून चालायचं. चुकलंय म्हणणाऱ्याने ते दाखवायचं. पण दाखवणार कशातून? आतली नोंद तर समोरच्याच्या ताब्यात!

आता आपले दरखदार आठवा. इथे पैसे मागणारं पोस्ट, चौकशी करणारं पोस्ट, खटला भरणारंही पोस्टच. सगळे हुद्दे एकाच अंगरख्यात. मग रुजुवात घालणार कोण आणि कुणाशी?

ॲलन बेट्स नावाच्या सबपोस्टमास्तराने माणसं गोळा केली. ५५५ जण कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनचे दोष निकालात मांडले. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, त्यात सीमा मिश्राही होत्या. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून बाकीच्यांना एकगठ्ठा दोषमुक्त केलं. पण मधल्या वर्षांत काही जण मरून गेले, काहींनी जीव दिला.

कुणी म्हणेल, ते तिकडचं झालं. मग इकडचं बघा. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेचा घोटाळा बाहेर आला. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा आणि बँकेचं मुख्य हिशेबाचं सॉफ्टवेअर एकमेकांना जोडलेलं नव्हतं. संदेश जायचा, वहीत नोंदच नाही. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँक. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. एकाच बांधकाम समूहाची कर्जं झाकायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवल्याचा आरोप पोलिस तक्रारीत होता. ब्रिटनमध्ये यंत्राने खोटं सांगितलं. इथे यंत्राला खरं सांगितलंच गेलं नाही. भोगलं दोन्हीकडे साध्या माणसाने.

सरकारने यावर एक पाऊल उचललंय. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती सोय बंद करता येत नाही. चांगलंय. पण हा नियम कंपनी कायद्यातला. आपली पतसंस्था कंपनी नाही, ती सहकार कायद्याखाली येते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो, तोही पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. म्हणजे जिथे गरिबाचा पैसा, तिथेच आधार कमी.

आपला पिग्मी एजंट घ्या. दुपारच्या उन्हात दुकानोदुकानी हिंडतो, हातातल्या मशीनवर आकडा टाकतो, पावती फाडून देतो. उद्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावे तूट दिसली, तर? चोर तोच ठरणार. आणि संस्थेत कुणी आतून आकडा फिरवला, तर बुडणार पानवाली मावशी. या दोघांना वाचवणारी गोष्ट एकच. ती नोंद कुणी, कधी, कुठून केली याची न पुसता येणारी खूण, आणि ती बघण्याचा दोघांचा हक्क.

म्हणून कॉलेजातल्या सरांना आणि मॅडमना विनंती. टॅली शिकवाच, पोरांना नोकरी लागायला ते हवं. पण त्यासोबत होरायझनचं प्रकरण चार तास शिकवा. मुलांना गावातल्याच एखाद्या दूध डेअरीत पाठवा. दूध मोजणारा कोण, फॅट लावणारा कोण, बिल काढणारा कोण, चुकलं तर शेतकऱ्याने दाद कुठे मागायची, हे कागदावर काढून आणायला सांगा. कुठलाही महागडा कॉम्प्युटर लागत नाही. 'अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्स'चा पहिला धडा तिथेच होतो.

आणि सभासदांनो, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. अहवाल वाचतात तेव्हा आपण भत्त्याची आणि चहा-बिस्किटाची वाट बघत असतो. यंदा उठून चार प्रश्न विचारा. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी नोंद बदलता येते का? बदलली तर खूण राहते का? ती कोण बघतं? आणि ज्याच्या हातात रोकड आहे, तोच नोंदही करतो का? उत्तर नीट मिळालं तर टाळ्या वाजवा. टाळाटाळ झाली, तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि मला कळवा. बातमी लावायचं काम माझं.